दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झाल्यावरचं दुखणं : गोळ्यांच्या जोडीला काय करता येतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यात दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालेले पेशंट आणि त्यांच्या घरचे लोक डिस्चार्जनंतर आम्हा फिजिओथेरपीवाल्यांना फोन करतात, मेसेज पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भपिशवी अशी नेहमीची ऑपरेशनं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. तुमच्या सर्जनने डिस्चार्ज कार्डावर काही वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळायचं. घाईत असाल तर आधी प्रश्न १९ वाचा. कोणतं दुखणं घरी बसून सोसायचं नाही, ते तिथे आहे.

१. सगळे म्हणाले होते, दुर्बिणीचं आहे, किरकोळ ऑपरेशन. मग एवढं का दुखतंय?

छेद किरकोळ असतात, आतलं काम नाही. भारतात पित्ताशय दुर्बिणीतून काढायला १९९० मध्ये मुंबईत सुरुवात झाली. त्याआधी बरगडीखाली वीतभर कापावं लागायचं. आता अर्धा ते सव्वा सेंटिमीटरचे तीन-चार छेद पुरतात, पण पित्ताशय आतून सोडवायचं काम तेवढंच राहिलं आहे.

हे दुखणं एक नसतं, तीन असतात. पहिलं छेदांचं. हललं, खोकलं की टोचतं. बेंबीजवळचा छेद बहुधा सगळ्यांत मोठा असतो आणि काढलेला अवयव अनेकदा तिथूनच बाहेर घेतात, म्हणून तो जास्त बोलतो. दुसरं आतलं दुखणं. ते जड, पिळवटल्यासारखं असतं, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही आणि पहिल्या दिवशी जास्त जाणवतं. तिसरं खांद्याचं, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ‘शेक घेतला, काही उपयोग झाला नाही’ असं कुणी म्हणालं की बहुतेक वेळा एका दुखण्याचा उपाय दुसऱ्यावर केलेला असतो.

२. ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का ठणकतोय? हार्टचं तर नाही ना?

ऑपरेशन करताना आत जागा दिसावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा उरतोच. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटल असतं. ते गॅसने ताणलं जातं, आणि गॅस ओलाव्यात मिसळून थोडा आम्लधर्मी होतो, त्यानेही चुरचुरतं. श्वासपटलाची नस मानेतल्या ज्या मणक्यांपाशी निघते, तिथेच खांद्याच्या कातडीच्या नसाही येतात. मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय. खांद्याला प्रत्यक्षात काहीही झालेलं नसतं.

याची एक खूण आहे. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं, कारण उरलेला गॅस वर, म्हणजे श्वासपटलाखाली जाऊन बसतो. खोल श्वास घेतानाही खुपतं. दोन ते चार दिवसांत जातं, काहींना आठवडा लागतो.

मात्र दुखणं छातीत दाबल्यासारखं असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, घाम फुटत असेल, धाप लागत असेल, तर ‘गॅसचं असेल’ म्हणून वाट पाहू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा. वय जास्त असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर जास्तच सावध राहा.

३. औषधांशिवायचे उपाय म्हणजे गोळ्या बंद करायच्या का?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि उत्तर दरवेळी हेच असतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामकं पहिले काही दिवस वेळच्या वेळी घ्या. इथले उपाय त्यांच्या जोडीचे आहेत, जागी घ्यायचे नाहीत. त्यांच्यामुळे जादा गोळी मागायची वेळ कमी येते, एवढंच.

‘सहन होतंय, उगाच गोळी कशाला’ हा बाणा पुण्यात फार दिसतो, विशेषतः साठीच्या पुढे. सोसण्यात तोटा असा की दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकत नाही, चालत नाही. मग छातीत कफ साचतो, आतडी सुस्तावतात, पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो. दुखणं शून्यावर आणायची गरज नाही. खोल श्वास घेता आला, खोकता आलं, खोलीत चालता आलं, की तेवढा आराम पुरेसा समजा.

४. खांद्याच्या दुखण्यावर नेमकं काय करू?

आधी आडवं व्हा. पाठीवर, पातळ उशी, गुडघे थोडे वाकवलेले. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेकांना फरक पडतो. इथे एक पेच आहे, तो समजून घ्या. छेदांना उशांना टेकून अर्धवट बसल्यावर बरं वाटतं आणि खांद्याला आडवं झाल्यावर. म्हणजे दोन्ही एकदम सुखात राहतील अशी एक स्थिती नाही. जे दुखणं त्या वेळी जास्त असेल त्याचं ऐका आणि स्थिती बदलत राहा.

दुसरं, खांद्यावर कोमट शेक (नियम प्रश्न १० मध्ये). तिसरं, सावकाश खोल श्वास. हा गॅस रक्तात शोषला जातो आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. त्याला दुसरी वाट नाही. चौथं, थोडं थोडं चालणं. खांदा गोल फिरवल्याने नुकसान नाही, पण मूळ तिथे नसल्यामुळे फार आशा ठेवू नका. खांदा जोरात चोळून घेण्याने काहीच साधत नाही.

५. सासूबाई ओव्याचा अर्क देतायत, सासरे इनो आणतायत. पोटातला गॅस त्याने निघेल का?

इथे दोन वेगवेगळे गॅस आहेत. ऑपरेशनसाठी भरलेला कार्बन डायऑक्साइड आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असतो. तो ढेकरेतून येत नाही आणि खालूनही सरत नाही. ओवा, हिंग, बडीशेप, सोडा यांचा त्याच्याशी संबंधच येत नाही. इनोने तर पोटात आणखी गॅस तयार होतो.

दुसरा गॅस आतड्यांतला. भूल, दुखण्याची कडक औषधं आणि हालचाल नसणं यांमुळे आतडी एक-दोन दिवस मंदावतात आणि पोट डब्ब होतं. हा सरतो. त्याला चालणं, कोमट पाणी, थोडं थोडं खाणं आणि कुशी बदलणं उपयोगी पडतं. डाव्या कुशीवर गुडघे पोटाकडे घेऊन पडल्यावर अनेकांचा गॅस सरतो. जेवणानंतर चिमूटभर भाजलेला ओवा किंवा बडीशेप खायला हरकत नाही, तोंडाला बरं वाटतं. अर्क, काढे, चूर्णं मात्र सर्जनला विचारल्याशिवाय नकोत.

पहिले दोन-तीन दिवस सोड्याची बाटली, छोले, राजमा टाळा. मिसळही थांबेल. मुगाची खिचडी, मऊ वरणभात, ताक हे चालतं. पित्ताशय काढलं असेल तर तूप-तेल हळूहळू वाढवा.

६. पलंगावरून उठतानाच जीव जातो. काही युक्ती आहे का?

आहे, आणि ती आली की निम्मी तक्रार मिटते. पाठीवरून सरळ उठून बसू नका. त्या एका हालचालीत पोटाचे स्नायू सगळे छेद एकदम ओढतात. त्याऐवजी असं करा : दोन्ही गुडघे वाकवा. खांदे आणि कंबर एकत्र, अख्खं अंग एकदम कुशीवर वळवा, मध्ये पीळ पडू देऊ नका. पाय पलंगाखाली सोडा. त्याच क्षणी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून उठा. पाय खाली जाताना त्यांच्या वजनानेच धड वर येतं. उठताना श्वास रोखू नका, तोंडाने सोडत उठा. बसल्यावर मिनिटभर थांबा, चक्कर येत नाही ना ते पाहा, मग उभे राहा. झोपताना हेच उलट क्रमाने.

नातेवाइकांनी हात धरून ओढू नये. पेशंट ओढला जातो आणि पोट ताठ करतो. पाठीमागून खांद्याला आधार द्या, तेवढा पुरे.

जमिनीवर गादी टाकून झोपायची सवय असेल तर आठवडाभर कॉटवर झोपा. जमिनीवरून उठणं हे यातलं सगळ्यांत अवघड काम आहे.

७. खोकला किंवा शिंक आली की टाके तुटतील असं वाटतं.

टाके एवढ्याने तुटत नाहीत. घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर छेदांवर ठेवा, दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरा, किंचित पुढे झुका आणि मग खोका. हसतानाही हेच. खोकला दाबून ठेवणं वाईट, कारण कफ आत राहतो. भुलीच्या नळीमुळे घसा दोन दिवस खवखवतो, त्याचा ठसकाही येतो. कोमट पाण्याच्या गुळण्यांनी तो कमी होतो.

ही उशी घरात तुमच्याबरोबर फिरू द्या. स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका लागेल तेव्हा ती हाताशी हवी.

८. तीन गोळ्यांचं यंत्र दिलंय. त्यात फुंकायचं ना?

हे खोल श्वासाच्या व्यायामाचं यंत्र आहे. त्यात फुंकायचं नाही, ओढायचं. निम्मे लोक फुंकर मारून गोळ्या वर जात नाहीत म्हणून खट्टू होतात. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा, गोळी वर असेल तेवढा वेळ ओढत राहा, मग नळी काढून श्वास सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. मध्ये चक्कर आली तर थांबा. गोळ्यांच्या डब्यांवरचे ६००, ९००, १२०० हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत. पहिल्या दिवशी एकच गोळी उचलली गेली तरी ठीक.

यंत्र नसेल तर अडत नाही. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून पोटावरचा हात वर येईल असा श्वास नाकाने घ्या, दोन-तीन सेकंद थांबा, ओठांचा चंबू करून सोडा. दहा श्वास, दर तासाला.

९. चालायचं कधीपासून आणि किती? आम्ही पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही.

डॉक्टर-सिस्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी. बहुतेक साध्या ऑपरेशनांत चार-सहा तासांनी उठवतात. पहिल्यांदा कुणीतरी सोबत हवं. घरी आल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा, पाच-पाच मिनिटं. एकदाच अर्धा तास चालून दिवसभर झोपून राहण्यापेक्षा हे बरं. रोज थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं कालच्यापेक्षा जास्त असेल तर काल जास्त झालं, एवढाच अर्थ घ्या आणि थोडं कमी करा.

जिने चढायला बंदी नसते. कठडा धरून, एकेक पायरी, प्रत्येक मजल्यावर थांबून चढा. खुर्चीत बसवून चार जणांनी उचलून न्यायची गरज नाही. जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यात ते धोक्याचंच आहे. खाली-वर मात्र दिवसातून एकदाच होईल असं ठरवा. पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगड महिनाभर तरी थांबतील.

पावसाळ्यात ओल्या फरशीवर फेऱ्या नकोत. घसरताना तोल सावरण्याचा जो हिसका बसतो तो पोटाला महागात पडतो. सोसायटीचं पार्किंग किंवा घरातला पॅसेज पुरेसा आहे.

१०. गरम शेक घ्यावा की बर्फ?

दोन्ही, पण वेगळ्या जागी. खांदा, मान, पाठ इथे गरम. छेदांच्या आसपास गार.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. कोमट वाटावं, चटका नको. पोटावर ती ठेवू नका. छेदाभोवतीची कातडी काही दिवस बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. ताज्या जखमेवरची सूजही उष्णतेने वाढू शकते. पिशवी घेऊन झोपी जाऊ नका.

गार शेकासाठी बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर पातळ सुती कापड. दहा-पंधरा मिनिटं, मध्ये किमान तासभर विश्रांती. ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही. फ्रीझरमधली मटारची पिशवी उत्तम बसते. मधुमेहामुळे हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर गार-गरम काहीही लावताना दर दोन-तीन मिनिटांनी कातडी दुसऱ्या कुणीतरी पाहावी.

११. पोटाला पट्टा बांधावा का? मावशी म्हणते, सुती साडी घट्ट गुंडाळ.

पट्ट्याने जखम लवकर भरत नाही. पण पोट सांभाळलं गेल्यासारखं वाटतं आणि माणूस निर्धास्त चालतो, म्हणून काहींना फायदा होतो. पट्ट्याचा खरा उपयोग मोठा छेद असलेल्या ऑपरेशनांत जास्त. दुर्बिणीच्या बाबतीत सर्जनने सांगितला असेल तरच वापरा, आणि चालताना वापरा. जेवताना, झोपताना सोडा. बरगड्यांवर चढता कामा नये. तो वर सरकला की खोल श्वास घेता येत नाही, मग प्रश्न ८ मधली सगळी मेहनत वाया जाते. घट्ट गुंडाळलेल्या साडीचंही तेच.

पँटचं बक्कल आणि परकराची नाडी नेमकी बेंबीच्या छेदाखाली घासते. आठवडाभर गाऊन किंवा सैल इलॅस्टिकची पायजमा बरी.

१२. दिवसा ठीक असतं, रात्रीच दुखतं. झोप नाही.

रात्री लक्ष दुसरीकडे नसतं आणि तीन-चार तास एकाच कुशीवर राहिल्याने अंग आखडतं. उजव्या किंवा डाव्या कुशीवर झोपलात तर गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटाखाली एक लहान उशी ठेवा, म्हणजे पोट लोंबत नाही. पालथं झोपणं दोन आठवडे तरी टाळा. रात्रीच्या गोळीची वेळ झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास येईल अशी डॉक्टरांशी बोलून बसवा. दुपारी दोन तास झोपलात तर रात्री झोप येणार नाही, हे दुखण्याचं पाप नव्हे.

गणपतीच्या दिवसांत रस्त्यावरच्या घरातून फार तक्रारी येतात. जमत असेल तर ते चार दिवस मागच्या खोलीत गादी हलवा, कानात कापूस घाला. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त वाटतं.

१३. गाणी ऐकून, ध्यान करून दुखणं कमी होतं हे खरं, की मनाची समजूत?

खरं आहे, आणि मनाची समजूत हा त्याचाच भाग आहे. दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही, वाटेत कमी-जास्त होतो. भीतीने वाढतो, लक्ष दुसरीकडे गेलं की घटतो. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. ऑपरेशनच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकणाऱ्यांना दुखणं आणि धास्ती कमी होती, वेदनाशामकंही कमी लागली. गाणं आवडीचं हवं, मग ते नाट्यगीत असो, अभंग असो की सिनेमाचं.

त्याहून मला जास्त आवडतो तो रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ जणांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाल्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे आधी घरी गेले. ऑपरेशनं जुन्या पद्धतीची, मोठ्या छेदाची होती आणि माणसं मोजकीच, तेव्हा त्यावर फार इमले बांधायला नकोत. पण पेशंटची कॉट खिडकीकडे वळवायला पैसे पडत नाहीत.

ध्यानाची सवय नसेल तर सोपा प्रकार : डोळे मिटून पायाच्या बोटांपासून वर एकेक भाग पाच सेकंद आवळा आणि सोडा. पोट वगळा.

१४. टेन्स मशीन, अॅक्युप्रेशर, च्युइंग गम, यांतलं काय घ्यावं?

टेन्स म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून सौम्य विजेच्या झिणझिण्या देणारं यंत्र. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत एक प्रकारचं दार असतं, स्पर्शाचे संदेश तिथे गर्दी करून वेदनेला अडवतात. टेन्स त्या विचारातून आलं. काही पेशंटना बरा आराम पडतो, काहींना काहीच नाही. पट्ट्या छेदावर नाही, त्याच्या दोन बाजूंना, धडधाकट कातडीवर लावायच्या. पेसमेकर असेल तर अजिबात नको. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्या. केवळ यासाठी नवं यंत्र विकत घ्यायला मी सांगणार नाही, तोवर दुखणं संपलेलं असतं.

अॅक्युप्रेशरचा भरवशाचा उपयोग मळमळीवर आहे. मनगटाच्या घडीपासून स्वतःची तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन दोरीसारख्या स्नायुबंधांच्या मध्ये दाबायचं. उलटीचा उमाळा छेदांना फार दुखवतो, त्यामुळे मळमळ थांबली की दुखणंही आवरतं.

च्युइंग गमने आतड्यांना थोडी चालना मिळते, पण साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांत ती आपोआपच लवकर सुरू होतात. आवडत असेल तर चघळा. बिनसाखरेचा जास्त खाल्ला तर पोट उलट फुगतं.

१५. बाम, हळद, तूप, तेलाची मालीश?

छेदांवर यातलं काहीही नको. बाम खांद्यावर चालेल, पण बाम आणि गरम शेक एकदम नको, कातडी भाजते. पोट चोळून घेऊ नका. तळपायांना खोबरेल लावून हलक्या हाताने चोळलं तर छान झोप लागते. पोटरी मात्र दाबू नका, कारण प्रश्न १९ मध्ये.

१६. शौचाला कुंथावं लागतं आणि तेव्हाच सगळ्यांत जास्त दुखतं.

ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनी मळ घट्ट होतो. पाणी, चालणं, भिजवलेल्या मनुका, पपई, सर्जनने हो म्हटल्यास रात्री इसबगोल. त्याने भागलं नाही तर सौम्य रेचक त्यांच्याकडूनच मागून घ्या, आठवडाभर झगडू नका. काही दिवस कमोड वापरा, पायाखाली लाकडी पाट घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. पोटाशी उशी धरा आणि श्वास रोखण्याऐवजी हळू सोडत राहा.

१७. हॉस्पिटलमधून घरी रिक्षाने आणू का? दुचाकी कधी चालवू?

मिळत असेल तर कार, पुढची सीट, पाठ थोडी मागे. सीटबेल्ट लावायचाच, बेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी. रिक्षा चालेल, पण चालकाला आधीच सांगा. पुण्यात दोन गतिरोधकांच्या मध्ये जो काही रस्ता असतो त्यावर तो हळू जाईल अशी आशा ठेवा, आणि गतिरोधक दिसला की पोटाशी उशी दाबा. निघण्याआधीची गोळी चुकवू नका.

दुचाकीची पाळी सहसा एक ते दोन आठवड्यांनी येते, हर्नियाला जास्त. कसोटी अशी : उभी गाडी स्टँडवरून उतरवताना, करकचून ब्रेक दाबल्याचा अभिनय करताना दुखत नाही ना? गुंगी आणणारी गोळी चालू असेल तर कसोटी द्यायचीच नाही. हिंजवडीला रोज दोन तास बसून जाणाऱ्यांनी पहिला आठवडा घरून काम मागावं.

१८. माझं हर्नियाचं आहे, वहिनीचं गर्भपिशवीचं. दोघांना हेच लागू?

बहुतेक हो, काही फरक आहेत.

जांघेच्या हर्नियाच्या एका पद्धतीत गॅस पोटाच्या पोकळीबाहेर, स्नायूंच्या थरांत भरतात. त्यांना खांदा कमी दुखतो. पण जांघेत किंवा अंडकोषाला सूज, काळानिळा रंग येतो. घट्ट चड्डी किंवा सपोर्टर आणि कापडात गुंडाळलेला बर्फ यांनी बरं वाटतं. हर्नियाच्याच जागी फुगवटा दिसला तर घाबरू नका. पाणी साठलेलं असू शकतं आणि अनेकदा ते आपोआप जिरतं. मात्र सर्जनला दाखवाच.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनात डोकं खाली ठेवून बराच वेळ काम चालतं, म्हणून खांदा जास्त दुखू शकतो. ओटीपोट आणि कंबर दोन-तीन आठवडे जड राहते. आतला टाका महत्त्वाचा असल्याने वजन उचलण्याची बंदी सहसा सहा आठवडे असते. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास जाते, गॅसच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, लोखंड वेगळं.

फुटलेलं अपेंडिक्स असेल तर आत संसर्ग असतो, अनेकदा नळी ठेवलेली असते. दुखणं जास्त दिवस टिकतं. इथला वेळेचा हिशोब तुम्हाला लावू नका.

वयस्कर पेशंट दुखणं सांगतच नाहीत, हेही याच खात्यात. आजीला ‘दुखतंय का?’ विचारलं की ‘ठीक आहे गं’ म्हणणार. ‘रुपयातलं किती आणे दुखतंय?’ असं विचारा, बरोबर उत्तर येतं. ‘खोकून दाखव बरं’ म्हटलं तर त्याहून बरोबर. बारा आणे म्हणाली किंवा खोकताच येईना, तर सर्जनला कळवा.

१९. कोणतं दुखणं नेहमीचं नाही? कधी फोन करायचा?

रोज थोडं कमी होत जाणं हा साधा मार्ग. कमी होऊन पुन्हा वाढू लागलं, तर कळवा. याशिवाय पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी :

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर किंवा थंडी वाजून येणं. पोट फुगत जाणं, लाकडासारखं कडक होणं. उलट्या न थांबणं, गॅस आणि शौच दोन्ही बंद. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, विशेषतः पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर. छेदातून पू, वाढती लाली किंवा न थांबणारं रक्त. सहा-आठ तास लघवी न होणं. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. अशा वेळी ती चोळायची नाही, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं असेल तर फोनची वाट न पाहता १०८ ला कळवा किंवा जवळच्या इमर्जन्सीत जा.

यांतल्या कशावरही शेक, श्वास, गाणी हा उपाय नाही.

२०. मी रोज कपालभाती करतो. कधी सुरू करू?

कपालभातीत पोटाला सेकंदासेकंदाला झटका बसतो, म्हणून ती, भस्त्रिका, नौकासन, सूर्यनमस्कार हे सर्जनने मोकळीक देईपर्यंत नाही, साधारण चार ते सहा आठवडे. श्वास न रोखता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी घरी आल्या दिवसापासून चालतात. वर्गात परत जाल तेव्हा शिक्षकांना ऑपरेशनची तारीख सांगा, ‘थोडं झालंय’ एवढ्यावर भागवू नका.

२१. मी ढोल पथकात आहे. अपेंडिक्स काढून तीन आठवडे झाले, दुखत अजिबात नाही. सरावाला जाऊ का?

बघायला जा. ढोल कमरेला बांधल्यावर त्याची कड बेंबीच्या छेदापाशी रुततेच, वर वजन, वर तासन्‌तास उभं राहून वाजवणं. दुखत नाही याचा अर्थ कातडी भरली. खालच्या थराची ताकद यायला आणखी आठवडे जातात, आणि तो थर उसवला तर त्या जागी हर्निया होतो. सहा आठवडे आणि सर्जनचा होकार, दोन्ही हवं. हर्नियाचं ऑपरेशन असेल तर या वर्षी झांज किंवा ताशा यांपैकी काय चालेल तेही विचारा. ध्वज तर नकोच, त्याचा सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर येतो.

२२. तीन महिने झाले, अजून एका जागी टोचतं. कुणी विश्वास ठेवत नाही.

एका बोटाने जागा दाखवता येते का? उताणं पडून, त्या जागेवर बोट दाबून, फक्त डोकं वर उचला. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं आहे, आतल्या अवयवाचं नाही. छेदापाशी बारीक नस अडकली तर असं होतं. त्यावर जागेवर बधिरतेचं इंजेक्शन देऊन तपासता येतं आणि अनेकदा आरामही पडतो. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर खोबरेल लावून दोन बोटांनी गोल, हलकं चोळणं सुरू करायला हरकत नाही.

खोकल्यावर तिथे गाठ वर येत असेल तर छेदातला हर्निया असू शकतो. पित्ताशय काढल्यानंतर जेवल्यावर वरच्या पोटात कळ येत असेल तर पित्ताच्या नळीत खडा राहिलाय का, हे सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीने पाहावं लागतं. कोणत्या छेदापाशी, काय केल्यावर, किती वेळ दुखतं हे आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद, डिस्चार्ज कार्ड घेऊन ऑपरेशन केलेल्या सर्जनकडेच आधी जा.